पोयाच्या माश्यांची पेटीत वाढ : परागीभवनासाठी वसाहती तयार करण्याची पद्धत

पॉलिहाउसमध्ये भाजीपाला घेणारे शेतकरी अलीकडे बंबलबीची चौकशी करू लागले आहेत. युरोपात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हरितगृहांतील टोमॅटोसाठी ही केसाळ, जाडजूड माशी बंदिस्त जागेत वाढवून खोक्यांमधून विकली जाते आणि तिकडच्या टोमॅटो व्यवसायाचा ती आता आधार झाली आहे. भारतात बंबलबी हिमालयाच्या थंड पट्ट्यात आढळते. सोलनजवळच्या नौणी येथील डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठात तिथल्याच एका स्थानिक जातीला बंदिस्त वाढवण्याचे काम झालेले आहे. सह्याद्रीत आणि दख्खनच्या पठारावर मात्र बंबलबी नाही, आणि परदेशी जात आणून सोडण्याचा विचारही करू नये. जपानमध्ये हरितगृहांतून निसटलेली युरोपीय बंबलबी होक्काइडोच्या रानात पसरली आणि २००६ मध्ये तिला आक्रमक परकी जात म्हणून कायद्याने निर्बंधित करावे लागले. चिलीत आणलेली तीच माशी अँडीज ओलांडून अर्जेंटिनात पोहोचली आणि ती जिथे जिथे स्थिरावली तिथे पॅटागोनियातली मूळची मोठी नारिंगी बंबलबी झपाट्याने कमी झाली.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या शेतकऱ्याने आपल्याच भिंतीत राहणाऱ्या पोयाच्या माशीकडे आधी पाहावे, असे माझे मत आहे. ही डंख न करणारी मधमाशी पेटीत राहते, वर्षानुवर्षे एका जागी टिकते, आणि थोडी समज आली की एका पेटीच्या दोन पेट्या करता येतात. तिच्या मधासाठी हा व्यवसाय करावा असे मी कोणाला सांगणार नाही, कारण एका पेटीतून वर्षाला पाव-अर्धा किलोच्या पलीकडे फारसे काही मिळत नाही. पुढील सर्व मार्गदर्शन परागीभवनासाठी वसाहती तयार करण्यापुरते आहे आणि त्यात मध हा माश्यांचा साठा मानलेला आहे.

आधी पीक तपासावे

पेटी बनवण्यापूर्वी आपल्या पिकाला या माशीचा उपयोग आहे की नाही, हे पाहणे आवश्यक आहे. पोयाची माशी जेमतेम चार मिलिमीटर लांबीची असते. तिची सोंड आखूड असते आणि ती घरट्यापासून साधारण ३०० ते ५०० मीटरच्या आतच चरते. त्यामुळे उथळ, लहान आणि सकाळी उमलणारी फुले तिला सोयीची पडतात. नारळ, कारले, खुल्या शेतातील काकडी, कलिंगड, घोसाळे, मोहरी, बियाण्यासाठी ठेवलेली कोथिंबीर, ढोबळी मिरची आणि स्ट्रॉबेरी ही तिच्या कामाची पिके आहेत. कांद्याच्या बीजोत्पादनातही ती गोंड्यांवर हिंडताना दिसते, पण तिथे मुख्य काम सातेरी, आग्या आणि फुलोरी माश्यांचे असते आणि पोयाची माशी त्यांच्या जोडीला असते, असे समजून चालावे.

टोमॅटो आणि वांग्याला मात्र तिचा उपयोग होत नाही. या फुलांचे परागकोश टोकाच्या बारीक छिद्रातून किंवा फटीतून पराग सोडतात आणि तो बाहेर पडण्यासाठी फूल धरून पंखांचे स्नायू थरथरवावे लागतात. बंबलबीला हे जमते. आपल्याकडे निळ्या पट्ट्यांच्या अमेगिला माश्या आणि सुतारभुंगे ते करतात, पण पोयाची किंवा सातेरी माशी करत नाही. पॉलिहाउसमधल्या टोमॅटोसाठी पोयाच्या पेट्या घेण्यात पैसे घालवण्याऐवजी झाडाची तार हलवणे किंवा हातातले कंपनयंत्र वापरणे बरे.

वेलवर्गीय पिकांतही सरसकट विचार करता येत नाही. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांचे परागीभवन मुख्यतः पतंग करतात. आपली माशी त्या वेळी घरी परतलेली असते. लाल भोपळ्याचे फूल एवढे मोठे असते की ही चिमुकली माशी स्त्रीकेसराला न शिवताच पराग घेऊन निघून जाऊ शकते. आणि पॉलिहाउसमध्ये लावतात ती बिनबियांची काकडी परागीभवनाशिवायच धरते, किंबहुना तिला पराग मिळाला तर फळात बिया भरतात आणि ते एका टोकाला फुगून वेडेवाकडे होते. म्हणून बियाण्याच्या पाकिटावर वाणाचा प्रकार वाचल्याशिवाय काकडीच्या पॉलिहाउसमध्ये पेटी नेऊ नये.

घरट्याची रचना

पेटीचे झाकण उचलल्यावर काय दिसणार हे नीट ठाऊक असेल तर नवख्या माणसाच्या हातून होणारे निम्मे नुकसान टळते. सातेरीसारख्या उभ्या पोळ्या इथे नसतात. मध्यभागी मोहरीहून मोठ्या, लंबगोल घरांचा एक सैल घोस असतो. ही घरे बारीक खांबांनी एकमेकांना जोडलेली असतात. त्यांच्याभोवती मेण आणि डिंकाच्या मिश्रणाचे पातळ, तपकिरी पडदे असतात. घोसाच्या कडेला आणि पेटीच्या कोपऱ्यांत मधाच्या आणि परागाच्या कुप्या असतात. मधाची कुपी दाबली तर पातळ, आंबटसर मध येतो आणि परागाच्या कुपीत पिवळसर, आंबूस वासाचा लगदा सापडतो.

घोसातली सगळी घरे एका रंगाची नसतात आणि पुढची सर्व कामे हा रंग ओळखण्यावर अवलंबून आहेत. ताजी घरे गडद तपकिरी आणि मऊ असतात. कामकरी माश्या अशा घरात पातळ अन्न भरतात, राणी त्यावर एक अंडे उभे घालते आणि लगेच ते घर बंद केले जाते. माशी बाहेर पडेपर्यंत ते पुन्हा उघडत नाही. अळीने आत कोष विणला की माश्या वरचे मेण खरवडून काढून घेतात आणि घर फिकट, पिवळसर दिसू लागते. अंड्यापासून पूर्ण माशी होण्यास साधारण दीड महिना लागतो, म्हणून फिकट घरे म्हणजे लवकरच बाहेर येणाऱ्या माश्या, असे धरावे. गडद घर तिरपे किंवा उलटे झाले तर आतले अंडे किंवा लहान अळी त्या पातळ अन्नात बुडून मरते. फिकट घराला तसा धोका नसतो. हे एवढे एक लक्षात ठेवले तरी घोस हाताळताना तो ज्या बाजूने वर होता त्याच बाजूने वर ठेवण्याची काळजी आपोआप घेतली जाते.

अंडी घालणारी राणी ओळखायला कठीण नसते. तिचे पोट फुगलेले, सोनेरी-तपकिरी असते आणि त्यापुढे पंख तोकडे दिसतात. ती उडू शकत नाही, म्हणूनच ही वसाहत सातेरीसारखी एका दुपारी पेटी सोडून निघून जात नाही. घोसाच्या कडेला इतरांपेक्षा स्पष्ट मोठे एखादे घर दिसले तर ते राणीघर, म्हणजे नवी राणी तयार होणारे घर असते. ते दिसले की त्याची जागा मनात पक्की करून ठेवावी, विभाजनाच्या वेळी त्याचेच काम पडते.

पेटी

या माशीला मोठी जागा लागत नाही. एकूण अडीच ते तीन लिटर पोकळी पुरेशी होते आणि त्याहून मोठ्या पेटीत वसाहत उगाच डिंक लावत बसते, असा अनुभव आहे. मी सुचवेन ती पेटी दोन सारख्या खणांची असते. प्रत्येक खण आतून २० सेंटिमीटर लांब, १२ रुंद आणि ६ उंच असतो आणि दोन्ही एकावर एक बसतात. खालच्या खणाला तळ असतो आणि वरच्याचा तळ मधोमध मोकळा असून कडेला दोन पट्ट्या असतात, म्हणजे घोस दोन्ही खणांत वाढतो आणि विभाजनाच्या वेळी खण वेगळे करता येतात. लाकूड दोन ते अडीच सेंटिमीटर जाडीचे असावे. फणस, शिवण किंवा सागाच्या उरलेल्या फळ्या चालतात, प्लायवूड मात्र पावसाळ्यात फुगते. आतून रंग किंवा वॉर्निश मुळीच लावू नये.

दर्शनी बाजूला १० ते १२ मिलिमीटरचे एक भोक प्रवेशासाठी आणि मागच्या बाजूला वर चार-पाच मिलिमीटरचे एक भोक हवेसाठी पाडावे. मागचे भोक किती उघडे ठेवायचे ते माश्या स्वतः डिंकाने ठरवतात. झाकणाखाली जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा बसवला तर आतली स्थिती घोस न उघडता पाहता येते. या एका तुकड्यामुळे नवख्याचा उतावीळपणा बराच निरुपद्रवी होतो.

पहिली वसाहत मिळवणे

कोकणात चिऱ्याच्या जुन्या भिंती, गडगे, नारळाचे पोकळ बुंधे आणि विजेच्या मीटरच्या पेट्या ही या माशीची नेहमीची घरे आहेत. घाटावर दगड-मातीचे वाडे आणि विहिरींचे बांधकाम पाहावे. भिंतीतून बाहेर आलेली, पेन्सिलीएवढी जाड, चिकट डिंकाची नळी आणि तिच्या तोंडाशी बसलेल्या पहारेकरी माश्या दिसल्या की घरटे सापडले. सर्वांत चांगला स्रोत म्हणजे पाडले जाणारे घर, कारण ती वसाहत एरवीही मरणारच असते. जिवंत झाड फोडून घरटे काढू नये आणि राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही आणू नये. ओळखीच्या पालकाकडून विभाजित पेटी विकत मिळत असेल तर सुरुवातीला तीच घ्यावी, असे मी म्हणेन.

भिंत पाडायची नसेल तर नळीची पद्धत वापरावी. रिकाम्या पेटीला समोरासमोर दोन भोके पाडावीत. डिंकाची मूळ नळी अलगद काढून घ्यावी आणि भिंतीतल्या तोंडातून एक लवचिक प्लॅस्टिकची नळी पेटीच्या मागच्या भोकापर्यंत आणावी. भिंतीभोवतीच्या फटी ओल्या मातीने घट्ट बुजवाव्यात. काढलेली डिंकाची नळी पेटीच्या पुढच्या भोकावर चिकटवावी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या माश्यांना आपले दार ओळखीच्या वासाने सापडते. आता माश्यांना बाहेर जाताना आणि येताना पेटीतूनच जावे लागते. काही आठवड्यांत त्या पेटीत डिंक, मग कुप्या आणि बऱ्याचदा काही महिन्यांनी पिल्लांची घरेही बांधू लागतात. पेटीत अंडी घालणारी राणी आणि ताजी गडद घरे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नळी कापू नये. ही पद्धत संथ आहे, पण मूळ वसाहत भिंतीत तशीच राहते आणि तिच्यापासून पुढेही पेट्या भरता येतात.

घरटे थेट पेटीत हलवणे

हे काम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान करावे. दिवस निरभ्र असावा आणि वेळ उतरत्या दुपारची, म्हणजे बाहेर गेलेल्या बहुतेक माश्या अंधार पडेपर्यंत परत येऊन नव्या दारातून आत जातात. डोक्यावर जाळी घ्यावी, कारण डंख नसला तरी चिडलेल्या माश्या केसांत, कानांत आणि भुवयांत शिरून चावतात आणि त्यांचा डिंक सहज निघत नाही. धूर करण्याची गरज नाही.

भिंत बाजूने उघडत घोसापर्यंत जावे. प्रथम घोस रुंद पात्याच्या चमच्याने खालून उचलावा आणि ज्या बाजूने वर होता त्याच बाजूने वर राहील असा पेटीच्या मध्यभागी, दोन मेणाच्या गोळ्यांवर टेकवून ठेवावा, म्हणजे खालूनही माश्यांना फिरता येते. राणी दिसली तर तिला बोटांनी पकडू नये. तिच्यासमोर वाळलेले पान धरावे, ती त्यावर चढली की पानासकट पेटीत सोडावी. ती दिसलीच नाही तर घोसाच्या आसपासचे मेणाचे पडदे आणि दाट गर्दीच्या जागा तशाच उचलून आत ठेवाव्यात, बहुधा ती तिथेच लपलेली असते. परागाच्या अभंग कुप्या थोड्या ठेवाव्यात. मधाच्या कुप्या मात्र पेटीत ठेवू नयेत, कारण त्यांतली एक जरी फुटली तरी मुंग्या आणि फोरिड नावाची बारीक उपद्रवी माशी त्या वासावर रात्रीच येतात. सांडलेला मध कापडाने टिपून घ्यावा.

शेवटी झाकण बसवून सगळ्या फटींना कागदी चिकटपट्टी लावावी, जुन्या प्रवेशनळीचा तुकडा पेटीच्या भोकाभोवती दाबून बसवावा आणि पेटी जुन्या दाराच्या अगदी समोर, त्याच उंचीवर टांगावी. पेटी दुसऱ्या ठिकाणी न्यायची असेल तर काही दिवसांनी रात्री दार जाळीने बंद करून न्यावी आणि एक किलोमीटरपेक्षा लांब न्यावी. शंभर-दोनशे मीटर हलवली तर चरणाऱ्या माश्या जुन्याच जागी परततात आणि तिथे घिरट्या घालत मरतात.

पहिले दोन महिने

या काळात पेटी जितकी कमी उघडली जाईल तितके बरे. आतली प्रगती दारावरूनच कळते. चौथ्या-पाचव्या दिवशी दारावर नवी डिंकाची नळी उभी राहू लागली, तोंडाशी पहारेकरी बसले आणि मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या आत जाऊ लागल्या की वसाहत बसली. सकाळी नऊच्या सुमारास पाच मिनिटे दारासमोर बसून पराग घेऊन येणाऱ्या माश्या मोजाव्यात आणि तो आकडा वहीत लिहावा. हीच नोंद पुढे पेटीची ताकद सांगते.

पेटी सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची पूर्ण सावली मिळेल अशा जागी ठेवावी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पेटीतले मेण मऊ पडून घोस खाली बसतो. स्टँडचे पाय जुन्या तेलाच्या वाट्यांत ठेवावेत, आणि गवताची काडी किंवा वेल पेटीला टेकून मुंग्यांना पूल मिळत नाही ना, हे पाहावे. पाल आणि कोळी दाराशी ठाण मांडून बसतात, त्यांना रोज हाकलणे एवढाच उपाय आहे.

खरा शत्रू फोरिड माशी हा आहे. पाठीला कुबड असलेली, झटकन धावणारी ही बारीक माशी फुटलेल्या परागाच्या कुपीत अंडी घालते आणि काही दिवसांत पांढऱ्या अळ्यांनी पेटी भरते. ताकदवान वसाहत तिला दारातच अडवते. नुकत्याच हलवलेल्या किंवा विभाजन केलेल्या पेटीला ते जमत नाही. म्हणून फटी बंद करणे आणि फुटलेल्या कुप्या बाहेर काढणे यांत कसूर नको. अळ्या दिसल्याच तर तेवढा भाग काढून पुरून टाकावा. पेटीत कोणतेही औषध मारू नये.

कोकणच्या पावसाळ्यात माश्यांना आठवडेच्या आठवडे बाहेर पडता येत नाही. ज्याने मध काढलेला नाही त्याची पेटी बहुधा स्वतःच्या साठ्यावर तरून जाते. कमकुवत पेटीला साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक बाटलीच्या झाकणात, त्यात काड्या घालून, संध्याकाळी पेटीच्या आत द्यावा आणि सकाळी उरला असेल तर काढून घ्यावा.

एका पेटीच्या दोन पेट्या

विभाजनाची घाई हे नव्या पालकांच्या पेट्या मरण्याचे सर्वांत मोठे कारण मला वाटते. पेटी तयार आहे की नाही हे तीन गोष्टींवरून ठरवावे. घोस दोन्ही खणांत पसरलेला असावा, कुप्या भरलेल्या असाव्यात आणि राणीघर असावे. पहिल्या दोन असून तिसरे नसेल तर थांबावे. राणीघराशिवाय वेगळा केलेला भाग कधी कधी सावरतो, पण बहुतेकदा फिकट घरांतल्या माश्या बाहेर येऊन म्हाताऱ्या होईपर्यंत जगतो आणि मग रिकामा होतो. काळ फुलोऱ्याचा असावा. कोकणात काजू-आंब्याचा मोहोर आणि नारळाचा सतत येणारा फुलोरा यांमुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कालावधी उत्तम, घाटावर पावसानंतरचे दोन महिने आणि मग फेब्रुवारी.

सकाळी दहानंतर, ऊब आल्यावर, पातळ सुरीने दोन्ही खण सावकाश वेगळे करावेत. घोस मध्ये फाटेल, ते अपेक्षितच आहे. आता राणी कोणत्या खणात आहे ते शोधावे. जुन्या राणीकडे गडद, ताजी घरे राहू द्यावीत, कारण ती रोज नवी घालणारच आहे. राणी नसलेल्या भागाला फिकट घरांचा मोठा वाटा, राणीघर आणि परागाच्या काही अभंग कुप्या द्याव्यात, म्हणजे त्या भागात थोड्याच दिवसांत कोवळ्या माश्यांची भर पडते आणि घरबांधणीचे काम कोवळ्या माश्याच करतात. राणीघर घोसाला चिकटलेले असेल तर ते सोडवत बसू नये, त्याच्या आजूबाजूच्या पाच-दहा घरांसकट उचलावे.

दोन्ही खणांना रिकामा जोडखण लावून झाकणे बसवावीत. राणी नसलेली नवी पेटी मूळ जागी ठेवावी आणि तिच्या दारावर मूळ नळीचा तुकडा लावावा. जुन्या राणीची पेटी काही मीटर दूर न्यावी. चरणाऱ्या माश्या सवयीने मूळ जागी येतात आणि कमकुवत भागाला आयते मनुष्यबळ मिळते. जुन्या राणीचा भाग काही दिवस सुस्त दिसतो, त्याची चिंता नको. दोन पेट्या अगदी शेजारी ठेवल्या तर माश्या एकमेकींवर तुटून पडतात आणि जमिनीवर जोडीजोडीने चिकटलेल्या मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. तसे दिसले तर एक पेटी त्याच रात्री लांब न्यावी.

नव्या राणीने बाहेर येणे, दारासमोर घिरट्या घालणाऱ्या नरांपैकी एकाशी उडत समागम करणे आणि अंडी घालू लागणे यास तीन ते पाच आठवडे धरावेत. तोपर्यंत झाकणाखालच्या पारदर्शक तुकड्यातून पाहण्यापलीकडे काही करू नये. ताजी गडद घरे दिसू लागली की विभाजन यशस्वी झाले. त्या पेटीचे पुन्हा विभाजन पुढच्या हंगामाआधी करण्याचा मोह आवरावा.

पेट्या वाढवताना रक्ताचा विचार

एकाच भिंतीतल्या घरट्यापासून सुरू करून पिढ्यानपिढ्या त्याच्याच पेट्या वाढवत राहिल्यास एक अडचण येते. मधमाश्यांत लिंग ठरवणारा जनुक दोन वेगवेगळ्या रूपांत आला तर फलित अंड्यातून मादी होते. जवळच्या नात्यात समागम झाला तर तो एकाच रूपात येऊ शकतो आणि कामकरी व्हायच्या अंड्यांपैकी निम्म्यांचे नर होतात. हे नर काम करत नाहीत आणि वसाहतीला घरघर लागते. यासाठी सुरुवातीच्या वसाहती दोन-तीन वेगळ्या गावांतून आणाव्यात आणि दर एक-दोन वर्षांनी दुसऱ्या पालकाशी एखादी पेटी बदलून घ्यावी. मात्र कोकणातली पेटी थेट जालन्याच्या उन्हात नेऊन ठेवू नये. माश्या आपल्या आसपासच्या हवामानातल्या असाव्यात.

पिकात पेटी नेणे

फुलोरा सुमारे दहा टक्के आला की पेटी न्यावी. त्याआधी नेल्यास माश्या बांधावरच्या दुसऱ्या फुलांना लागतात आणि मग पिकाकडे वळायला वेळ घेतात. उंची जमिनीपासून हात-दीड हात, दार पूर्वेकडे, वर छप्पर. एकरी किती पेट्या, हा प्रश्न हमखास येतो. छापील आकड्यापेक्षा शेतातच पाहावे, असे माझे मत आहे. सकाळी ओळीतून सावकाश चालत शंभर उमललेली फुले तपासावीत आणि त्यांतल्या किती फुलांवर माशी बसलेली आहे ते नोंदवावे. हीच मोजणी पेट्या आणण्यापूर्वी एकदा आणि आणल्यावर आठवड्याने एकदा केली की पेट्यांनी भर घातली का, हे स्वच्छ कळते. चराईचा पल्ला लहान असल्याने सर्व पेट्या एका कोपऱ्यात न ठेवता शेतात विखरून ठेवाव्यात.

पॉलिहाउसमध्ये ढोबळी मिरचीसाठी पेटी नेताना पहिले दोन-तीन दिवस बऱ्याच माश्या छताला धडकून मरतात. त्या बाहेर चरायला शिकलेल्या असतात. कोवळ्या माश्या बाहेर पडू लागल्या की हे थांबते, म्हणून फिकट घरे भरपूर असलेली पेटीच आत न्यावी. अतिनील किरण अडवणाऱ्या फिल्मखाली माश्या दिशा चुकतात, तेव्हा फिल्म कोणती आहे हे आधीच विचारावे. आत पारा ३८ अंशांच्या पुढे जात असेल तर पेटी जमिनीलगत, झाडांच्या सावलीत ठेवावी. एकाच पिकाच्या परागावर वसाहत फार काळ तग धरत नाही, त्यामुळे तीन-चार आठवड्यांनी पेटी बाहेर काढून दुसरी आत ठेवण्याइतक्या पेट्या हाताशी असाव्यात. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवर काम घेताना तिथली थंडी लक्षात घ्यावी. पारा १८ ते २० अंशांवर जाईपर्यंत ही माशी बाहेर पडत नाही, म्हणून पेटीवर पहिले ऊन पडेल अशी जागा तिथे शोधावी लागते.

फवारणीबाबत तडजोड करता येत नाही. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, फिप्रोनिल यांसारखी औषधे फुलावर पडली तर चरणाऱ्या माश्या संपतात आणि परागातून विष घोसापर्यंत जाते. फुलोऱ्यात अशी औषधे वापरूच नयेत. इतर फवारणी अटळ असेल तर संध्याकाळी करावी, आदल्या रात्री दार बारीक जाळीने बंद करून पेटी बाहेर न्यावी आणि बंद पेटी एक दिवसापेक्षा जास्त ठेवू नये. आंबा बागायतीत तुडतुड्यांवरची मोहोरातली फवारणी शेजाऱ्याच्या बागेतूनही येते, त्यामुळे पेट्या ठेवण्याआधी आजूबाजूच्या बागायतदारांशी बोलून त्यांच्या फवारणीच्या तारखा लिहून घ्याव्यात. ज्या बाजूला कोणी तारीख सांगायला तयार नसेल त्या बाजूला पेटी ठेवू नये.

पीक संपल्यावर पेट्या रात्री परत आणाव्यात, प्रत्येकीचे वजन नोंदवावे आणि नेण्याआधीच्या वजनाशी पडताळावे. वजन घटलेल्या पेटीला नारळाच्या बागेत किंवा मिश्र फुलांच्या जागी विश्रांती द्यावी आणि पुढच्या विभाजनाच्या यादीतून तिचे नाव काढावे.